जीवामृत तिचं, प्रमाणपत्र तुमचं

पत्राचा सारांश: धाराशिव जिल्ह्यातल्या एका ३८ वर्षांच्या शेतकऱ्याचं हे पत्र आहे. गाव-तालुका मुद्दाम गाळला आहे. वडील गेल्यावर सहा एकर जमीन आई आणि दोघा भावांच्या नावावर सामाईक लागली. बहिणीनं हक्कसोडपत्र करून दिलं. वहिवाट वेगळी आहे, यांच्याकडे तीन एकर. बायको बारावी शिकलेली. पाच वर्षांपूर्वी बचत गटातून प्रशिक्षण घेऊन तिनं विहिरीजवळचा एक एकर रासायनिक खताशिवाय करायला घेतला. भाजीपाला, मूग, उडीद, तूर, ज्वारी, कडेनं जवस. हळूहळू जम बसला आणि आता तिन्ही एकर सेंद्रिय आहेत. मागच्या वर्षी गावात पीजीएस या सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्रासाठी गट झाला. सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव, म्हणून गटातही त्यांचंच लागलं. तालुक्याच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ मिळालं. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "आता हा ड्रम तुमचा तुम्ही ढवळा." तेव्हापासून ती खुरपणी करते, भाजी तोडते, पण जीवामृताच्या (शेण-गोमूत्राच्या घरच्या खताच्या) ड्रमला हात लावत नाही. तिचं मागणं आहे की तो एक एकर माझ्या नावावर करा आणि गटात माझं नाव घाला. आई म्हणते, बाईच्या नावावर वावर केलं की घर फुटतं. भाऊ म्हणतो, उद्या तिच्या माहेरचे हक्क सांगत येतील. पत्रलेखक विचारतात, "ताई, मी तिला कधी कशाला नाही म्हटलं नाही. एक एकर दिला, प्रशिक्षणाला जाऊ दिलं, लोक हसले तरी पाठीशी राहिलो. माझं चुकलं कुठं? तिला कसं समजावू?"

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मनात खोट असलेला माणूस असं पत्र लिहीत नाही. लोक हसत असताना तुम्ही बायकोच्या पाठीशी उभे राहिलात, आणि आपल्याकडं ही साधी गोष्ट नाही. म्हणून तुमच्याशी आडवळण न घेता बोलते.

पत्रात तुम्ही तपासणीच्या दिवसाचं लिहिलंय. गटातले चौघे तुमच्या वावरात आले. बांधालगत काय लावलं, बी कुठलं, शेवटची फवारणी कधी आणि कशाची, असं विचारायला लागले. "मी प्रत्येक वेळी तिला हाक मारून विचारत होतो आणि मग त्यांना सांगत होतो," हे तुमचेच शब्द. ती तेव्हा चहा करत होती. भाऊ, ते चित्र जरा डोळ्यांपुढं आणा. तुमच्या भावाच्या रानातल्या तणनाशकाचा फवारा वाऱ्यानं इकडं येऊ नये म्हणून बांधाकडच्या ओळी सोडायच्या, हे तिनं ठरवलं. बी तिनं राखलं. निंबोळ्या तिनं वेचून वाळवल्या. आणि तिचं उत्तर चुलीपासून दारापर्यंत येऊन तुमच्या तोंडातून बाहेर पडत होतं.

पीजीएस म्हणजे सहभागातून हमी. बाहेरचा निरीक्षक न येता किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची रानं पाहतो आणि एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवतो. प्रत्येक जण शपथपत्रावर सही करतो की मला नियम माहीत आहेत आणि मी ते पाळतो. कागदपत्रांचा डोंगर नाही, शब्दावरच सगळं उभं आहे. मग ज्या माणसाला ते रान ठाऊक आहे त्याचाच शब्द त्यात नसेल, तर ती हमी कशाची? मुद्दा बायकोच्या मानापुरता नाही, गटाच्या खरेपणाचाही आहे. तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. सातबाऱ्यावर ज्याचं नाव तोच शेतकरी, ही आपल्या सगळ्यांचीच सवय आहे.

माझं लहानपण परभणी जिल्ह्यातलं. मृग बरसला की बाप पेरणीची तिफण हाकायचा, चुलती चाड्यावर (बी टाकायच्या वाटीवर) मूठ धरायची आणि माय मागून सरता (आंतरपिकाचं बी सोडायची नळी) धरून चालायची, ओटीत तुरीचं बी घेऊन. दिवसभर चालणं आणि बोटांच्या चिमटीतून बी सोडणं. दाट पडलं तर विरळणी वाढते, पातळ पडलं तर ओळ रिकामी दिसते. पंधरा दिवसांनी उगवलेली ओळ पाहून गावातली जाणती माणसं सांगायची की सरता कुणी धरला होता. इतकी ती मायची ओळख होती. पण तूर अडतीला गेली की पट्टी (विक्रीची पावती) बापाच्या नावानं निघायची आणि मायला भाव कळायचा तो बाजारातून आलेल्या पिशवीवरून. बाप वाईट नव्हता. त्यालाही वाटायचं, मी हिला काही कमी पडू दिलं नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडं येते. एक एकर 'दिला', प्रशिक्षणाला जाऊ 'दिलं', भाजीचे पैसे ठेवू 'दिले'. देणारा कधीही परत घेऊ शकतो, हे घेणाऱ्याला आतून माहीत असतं. पाच वर्षं तिनं ज्या मातीत शेणखत घातलं, पालापाचोळा कुजवला, ती माती आता भुसभुशीत झालीय असं तुम्हीच लिहिता. सोयाबीनचं बियाणं आणि खत एका हंगामाचं असतं, नाही पटलं तर पुढच्या वर्षी बदलता येतं. सेंद्रिय रानाचं तसं नसतं. वर्षाची पिकं असली तरी रासायनिकातून सेंद्रियात यायला दोन वर्षं धरतात, आणि माती खरी सुधारायला त्याहून जास्त लागतात. एवढ्या लांबच्या कामात माणूस जीव ओततो तो पुढं ते आपल्याजवळ राहील या भरवशावर. तो भरवसा तिच्याकडं कागदावर कुठंच नाही.

कष्टाचंही बोलायला हवं. सेंद्रियात खर्च वाचतो असं आपण कौतुकानं सांगतो. तो वाचलेला खर्च जातो कुठं? तणनाशकाची बाटली आणली नाही की खुरपणीची एक पाळी वाढते आणि ती बाईच्या कमरेवर येते. ड्रमचंच घ्या. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. एकराला एक ड्रम. तीन एकराचे तीन. पंधरा लिटरची कळशी धरली तर पाण्याच्याच चाळीस खेपा झाल्या, आणि त्याआधी गोठ्यातून शेण-गोमूत्र गोळा करणं आहे. मग सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळणं, फडक्यातून गाळणं, नाहीतर पंपाचं तोंड तुंबतं. ज्या संध्याकाळी तुम्ही शाल घेऊन आलात त्या सकाळीही तिनं तो ड्रम ढवळलेला असणार.

म्हणून पहिली गोष्ट: ड्रम तुम्ही घ्या. तिची समजूत काढण्यासाठी म्हणून चार दिवस नको, ते काम कायमचं तुमचं. तोटी बसवलेला ड्रम आणा, विहिरीवरून पाइप ओढा, खेपा संपतील. खुरपणीसाठी सायकल कोळपं (तण काढायचं, हातानं ढकलायचं अवजार) घ्या आणि ते तुम्ही चालवा. वर एक वही करा. महिनाभर रोज रात्री कुणी किती तास काय केलं ते तुमच्या हातानं लिहा: गोठा, पाणी, खुरपणी, स्वयंपाक, लेकरांचा अभ्यास, बाजार. वाद घालण्यासाठी ही वही वापरू नका, ती तुमच्यासाठी आहे. महिन्याच्या शेवटी तिचे रानातले तास गावातल्या रोजानं गुणून पाहा. बाईचा रोज नव्हे, गड्याचा रोज धरा. एकाच कामाला दोन रोज देऊ नयेत असा कायदा १९७६ पासून आहे, आपल्या बांधावर तो अजून पोचला नाही.

आता सातबाऱ्याकडं. तुम्ही विचारता, नाव लावल्यानं फरक काय पडतो, घर तर एकच आहे. फरक रोजच्या कामात पडतो. महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीला जोडलेला असतो. तुमची बायको पाच वर्षं शेती करतेय, गावाला शिकवतेय, पण सरकारच्या संगणकात ती शेतकरी नाही. ठिबकाचा अर्ज, पीककर्ज, विमा, सगळीकडं तुमच्या नावाआडून जावं लागतं. एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर गैरसमज नको: पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये कुटुंबाला एकदाच मिळतात, दोन नावं लागली म्हणून दुप्पट होत नाहीत. त्यासाठी नाव लावू नका.

आणि एक बोलायला जड जातं, पण मराठवाड्यात बसून ते न बोलणं बरं नाही. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या ५०५ बायकांची पाहणी केली होती. त्यांतल्या ४० टक्के बायकांना नवरा कसत होता त्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. शेत तेच, बांध तोच, खुरपं तेच, पण नवरा गेला आणि बाई स्वतःच्या वावरात परकी झाली. तुम्ही सुखरूप आहात, शंभर वर्षं जगा. पण सामाईक सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाच्या बायकोच्या मनात रात्री काय येत असेल, ते तिला विचारून पाहा.

तुमच्याच भागात हे काही नवं खूळ नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या बायांमधून उभं राहिलेलं स्वयं शिक्षण प्रयोगचं काम तुम्हाला माहीत असेल. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी एक एकराचा नमुना लावून धरला: बाईनं घरातून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा, त्यात आधी घरच्यांच्या ताटातलं पिकवायचं, खत-औषध घरचं वापरायचं आणि काय पेरायचं ते तिनं ठरवायचं. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार त्याला मिळाला. त्याही आधी, १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगाव पुरुषांनी आपणहून जमीन बायकांच्या नावावर केली. तेही तुमच्यासारखेच शेतकरी होते. त्यानं त्यांची घरं फुटली असं मी काही ऐकलं नाही.

करायचं कसं ते सांगते. तुमचा सातबारा सामाईक आहे, म्हणून आधी वाटणी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली सगळ्या हिस्सेदारांच्या संमतीनं तहसीलदारांकडं अर्ज करून वाटप करता येतं. वहिवाट वेगळी आहेच, त्यामुळं भांडणाचं कारण कमी. तुमचा हिस्सा वेगळा झाला की दोन वाटा आहेत. एक, लक्ष्मीमुक्ती: १९९२ च्या शासनाच्या परिपत्रकाप्रमाणे नवरा स्वतः अर्ज करून आपल्या जमिनीला बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. खर्च जवळजवळ नाही. दुसरी, त्या एका एकराचं नोंदणीकृत बक्षीसपत्र. बायकोला शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार लागतो का, ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. एक एकर म्हणजे ४० गुंठे, तुकडेबंदीची (जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या कायद्याची) अडचण येऊ नये. जमिनीवर पीककर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेशी बोला.

मला विचाराल तर बक्षीसपत्र करा. सहहिस्सेदार म्हणून नाव लागलं तर तीन एकरांत ती तुमच्यासोबत येईल, चांगलंच आहे, पण तिनं मागितलाय तो एक एकर, जिथं शेवटचा शब्द तिचा असेल. मागितलं तेच द्यावं. कोणतीही वाट धरा, फेरफार (नोंदीतला बदल) झाल्यावर उतारा हातात घेऊन नीट बघा: तिचं नाव भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन ज्याची त्याच्या, रकान्यात आलं पाहिजे. बायांची नावं 'इतर हक्क'मध्ये ढकलून द्यायची आपल्याकडं जुनी खोड आहे.

भावाची भीती कायद्यात बसत नाही. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मालमत्ता आधी मुलांना आणि नवऱ्याला मिळते. तुम्हाला दोन लेकरं आहेत. माहेर त्या रांगेत फार मागं उभं आहे.

आईंशी मात्र कायदा बोलू नका. त्यांच्यासमोर बसा आणि विचारा, "आई, बाबा गेल्यावर वावर तुझ्याही नावावर लागलं, तेव्हा आपलं घर फुटलं का?" सहा एकराला गेली कित्येक वर्षं एका बाईचं नाव आहेच की. वडील गेल्यावर दोन पोरांना धरून त्याच बाईनं घर सांभाळलं. त्यांच्या 'घर फुटतं'मागं दुसरी भीती असावी असं मला वाटतं: सुनेच्या हातात वावर गेलं तर म्हातारपणी मला कोण विचारणार. त्या भीतीला उत्तर द्या. आणि हे बोलणं तुम्ही करा, बायकोला पुढं करून सासू-सुनेचं भांडण लावू नका.

तुमच्या पत्रात एका ओळीत बहीण येऊन गेली. "बहिणीनं हक्कसोड करून दिलं." साडी-चोळीवर दिलं की विचार करून, हे तुम्हालाच माहीत. लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. तिनं सही केली तेव्हा हे तिला कुणी सांगितलं होतं का? बायकोच्या एकराचा विचार करताना तिचीही आठवण ठेवा. एकदा फोन करा, कागद काढायचे म्हणून नको, बोलायचं म्हणून करा.

गटाचं काम सगळ्यात सोपं आहे, तिथून सुरुवात करा. पुढच्या बैठकीला दोघं जा. "हे रान हिचं आहे, माहिती हीच देईल," एवढं तुम्ही बोला आणि मग गप्प बसा. तिच्या नावानं नोंद करायला काय कागद लागतील ते गटप्रमुखांना विचारा. बैठक संध्याकाळी सात वाजता पारावर होत असेल तर वेळ बदलायला सांगा, कारण त्या वेळी बाया भाकरी थापत असतात, आणि ज्या वेळेला बाई येऊच शकत नाही ती वेळ ठेवून 'बाया येत नाहीत' म्हणायचं बरोबर नाही. गट नाहीच म्हणाला, तर पाच जणींचा वेगळा गट होऊ शकतो. पैशाचंही तसंच: त्या एकराची पट्टी तिच्या नावानं फाडायला अडत्याला सांगा आणि रक्कम तिच्या खात्यावर जाऊ द्या. खातं तिचं आणि एटीएम कार्ड तुमच्या खिशात, असं नको. नाव नुसतं कागदाला आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण ग्रामपंचायतीत पुष्कळ पाहिलं.

हे सदर वाचणाऱ्या ज्या बायांचे नवरे असं पत्र लिहिणार नाहीत, त्यांच्यासाठी दोन शब्द. जमीन नावावर होईपर्यंत थांबू नका. बियाण्याची, फवारणीची, विक्रीची वही स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या नावानं ठेवा. उमेद किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटातून कृषी सखीला, म्हणजे शेतीची माहिती देणाऱ्या गावच्या बाईला, गाठा, कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर स्वतःचं नाव लिहा, 'अमक्याची बायको' लिहू नका. सासरे वारले तर वारस नोंदीच्या वेळी चावडीवर जाऊन उतारा बघा. माहेरी हक्कसोडाचा कागद पुढं आला तर वाचल्याशिवाय अंगठा-सही करू नका, आठ दिवस मागून घ्या. भाऊ रुसेल, पण आठ दिवसांत नातं तुटत नाही.

परत तुमच्याकडं येते. मृगाला दीड महिना आहे. वाटणीचा अर्ज आता दिला तर पेरणीच्या धांदलीआधी काम मार्गी लागेल. बक्षीसपत्राची नोंद तलाठ्याकडं गेली की फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. आई, भाऊ, वहिनी, बहीण, सगळ्यांना हे तुमच्या तोंडून आधी कळू द्या, चावडीवरच्या नोटिशीतून नको. आणि बायकोला सगळ्यात आधी सांगा. रात्री जेवणं झाल्यावर, ड्रम ढवळून आल्यावर. गूळ किती राहिलाय, तेही तिलाच विचारा.

तुमची,
ताई